चौथं पान

"छाननीबाई, तुमच्या पाहुण्याचं पत्र आलं जेलमधून. आठवं!" शिपायानं पाकीट टेबलावर टाकलं आणि हायकोर्टाची सगळी छाननी शाखा हसली.

बाईही हसल्या. ‘मला बेकायदा कोंडलंय, कोर्टापुढं हजर करा’ अशा कैद्यांच्या हेबियस कॉर्पस याचिका त्या एकोणीस वर्षं तपासत होत्या. आधीची याचिका काढायची, नवी तिच्याशी ताडायची आणि वर शेरा मारायचा. शेरा ‘तेच मुद्दे’ असला की न्यायाधीश दोन ओळींत फेटाळून मोकळे. या माणसाचे खोटे साक्षीदार आणि झोपाळू वकील तर बाईंना तोंडपाठ होते.

आज मात्र चौथ्या पानावर त्या अडखळल्या. तुरुंगातल्या कामाबद्दल शिक्षेत मिळालेली सूट त्यानं तारखांनिशी मांडली होती. जेलनं ती धरलीच नव्हती. धरली असती तर तो सात महिन्यांपूर्वीच सुटायला हवा होता. खाली लिहिलं होतं, ‘हे मागच्या वेळीही कळवलं होतं.’

बाईंनी सातवी याचिका काढली. चौथं पान तिथंही होतं. आणि वर त्यांच्याच हातचा शेरा, ‘तेच मुद्दे’. त्या आठवड्यात सासूबाईंचं ऑपरेशन होतं. सहाव्या याचिकेवरचा शेरा त्यांनी तसाच उतरवला होता.

हेडक्लार्कनं दोन्ही पानं पाहिली. "‘नवा मुद्दा’ लिहा नि द्या सोडून. तीन आठवड्यांत लागेल सुनावणीला."

"पण ‘कार्यालयाची चूक’ लिहिलं तर आजच जातं ना वर न्यायाधीशांपुढं?"

"जातं. आणि चौकशी तुमच्या मागं लागते. दोन वर्षं राहिलीत हो तुमची, कशाला नसती उठाठेव?"

बाई जागेवर आल्या. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. उठून व्हरांड्यात गेल्या, घरी फोन लावला.

"काय गं, काही झालंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. जेवलात का?"

उत्तर न ऐकताच त्यांनी फोन ठेवला. तीन आठवडे! एकवीस दिवस तो आणखी आत बसणार, का, तर आपली पेन्शन सुखरूप राहावी म्हणून? स्वतःचीच चीड आली त्यांना. परत येऊन त्यांनी एका दमात लिहिलं: ‘सातव्या याचिकेचे चौथे पान मी वाचले नाही. चूक माझी आहे.’ खाली सही केली आणि फाइल स्वतः जिना चढून वर दिली.

दुसऱ्या दिवशी कैदी सुटला. बाईंना चौकशीची नोटीस मिळाली.

आठवड्यानं खिडकीशी पिकल्या केसांचा एक माणूस आला. आठवी याचिका आपली, असं सांगून त्यानं निकालाची नक्कल मागितली. उभ्या उभ्याच ओळीखाली बोट फिरवत तो वाचू लागला. मध्येच बोट थांबलं.

"पान वाचलं नाही, असं लिहिलंय. कोण होतं हो ते?"

हेडक्लार्कनं मान फाइलीत घातली.

"मी," बाई उठून म्हणाल्या. त्यानं चार शिव्या घालाव्यात, असंच त्यांना वाटत होतं.

त्यानं बोट कागदावरून उचललं. मग जरा ओशाळून त्यानं विचारलं, "अक्षर लागलं नाही का माझं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "अक्षर चांगलं होतं."

"आत गेल्यावर शिकलो लिहायला," तो म्हणाला आणि नक्कल नीट घडी करून खिशात ठेवू लागला.