मागचा बोळ

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं आणि नगरला एक विमा कंपनी हवी होती. आधी ती तशी कुणालाच नको होती. पण मुंबईची एक कंपनी दोन जिल्ह्यांसाठी नवी शाखा काढणार आणि ती नाशिकला जायचा रंग दिसतोय, हे कळलं मात्र, कापडबाजारातल्या प्रत्येकाला ती नगरलाच हवीशी वाटू लागली. नाशिकला गोदावरी, नाशिकला द्राक्षं, आता विमासुद्धा त्यांनाच म्हणजे फार झालं.

व्यापारी मंडळाचे चिटणीस राधाकृष्णशेठ यांनी कंबर कसली. कोपरगावकडचे साखर कारखाने, छावणीतली पगारदार माणसं, दारात आलेली रेल्वे, सगळं त्यांनी कंपनीच्या कानावर घातलं. कचेरीसाठी जागा खाजाभाईनं देऊ केली. दुकानावरचा अख्खा मजला, पहिलं वर्ष बिनभाड्यानं. कापड मोजताना बोटभर जास्त न सोडणाऱ्या या माणसाच्या अंगात दानशूरपणा कुठून शिरला, म्हणून बाजार चकित झाला.

कारण साधं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा नियाज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत कारकून होता. खानावळीत जेवायचा, ईदेपुरता घरी यायचा आणि वाळत चालला होता. शाखा नगरला आली तर त्याला बदली मागता येणार होती. पोरगं दुपारचं जेवायला जिना उतरून दुकानामागच्या घरी येईल, एवढंच खाजाभाईचं स्वप्न होतं आणि त्यासाठी तो काहीही करायला तयार होता.

पाहणीला सबनीस नावाचे साहेब येणार, असं ठरलं. राधाकृष्णशेठचा हिशेब असा, की विमा कंपनी माणसाच्या आयुष्यावर धंदा करते, तेव्हा तिला गाव ठणठणीत दिसलं पाहिजे. गटारं धुतली गेली. दवाखान्याचा रस्ता फेरीतून गाळला. बाजाराच्या तोंडाशी दिवसभर खोकत बसणाऱ्या पुंजारामबाबांची लेकीकडे भिंगारला रवानगी झाली. तिथंही ते खोकतच होते, पण शाखा काही भिंगारला निघणार नव्हती.

आणि नेमकी साहेब यायच्या दिवशी, पहाटेच, शरिफाखाला गेली.

खाला म्हणजे खाजाभाईची मावशी. आई लहानपणीच गेली, तेव्हा हिनंच त्याला पदराखाली घेऊन वाढवलं. नियाजची ती दादी. सुईणपण करायची. बाजारातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, राधाकृष्णशेठही त्यातलेच. हातपाय थकल्यावर ती ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "मला न्याल तवा बाजारातनं न्या. माझी पोरं दुकानात बसल्यात. उठून हुभी ऱ्हातील." लोक हसायचे. खाजाभाईही हसायचा.

राधाकृष्णशेठ धावत आले. डोळे पुसले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग घसा साफ करून त्यांनी हळूच विषय काढला. मैयत दुपारी निघणार आणि साहेबही दुपारपर्यंत बाजारातच असणार. दुकानं बंद होतील, गर्दी लोटेल. मागच्या बोळानं नेलं तर?

खाजाभाई हो म्हणाला. नुसता हो म्हणून थांबला नाही. जागेचा मालक हजर नसला तर साहेब कारण विचारतील, म्हणून दिवसभर त्यांच्याबरोबर फिरायचंही त्यानं स्वतःच कबूल केलं. बाजारात कुणाला सांगायचं नाही, असंही ठरलं. हे ऐकून त्याची बायको जहिरा दारात उभी राहिली. खालाला न्हाऊ घालून ती नुकतीच बाहेर आली होती आणि हात अजून ओले होते.

"त्यांनी काय सांगून ठेवलं हुतं, ध्यानात हाय ना?"

"गेलेल्या माणसाला रस्ता कळत न्हाई," खाजाभाई म्हणाला आणि टोपी घालून स्टेशनकडे निघाला.

साहेब सौम्य निघाले. मजला पाहिला, उजेड पाहिला, माणसं पाहिली, फार बोलले नाहीत. खाजाभाई जिने चढत होता, उतरत होता, हसायचं तिथं हसत होता. मशिदीतून दुपारची बांग आली तेव्हा तो साहेबांना खिडकी कशी उघडते ते दाखवत होता. खालाच्या जनाज्याची नमाज आता होईल, हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं खिडकी पुन्हा एकदा उघडून दाखवली.

राधाकृष्णशेठच्या घरी पुरणाचा बेत होता. साहेब तासभर तरी पाटावर बसतील आणि तेवढ्यात मैयत पार होईल, असं सगळं जुळवलेलं होतं. पण साहेबांना आम्लपित्त होतं. ताकभात खाऊन ते उठले आणि स्टेशनावर जाऊन निवांत बसतो म्हणाले. कुणाचं काही चालेना.

तिघांना घेऊन रज्जाकचा टांगा वेशीबाहेर आला आणि तिथंच तो मागचा बोळ रस्त्याला मिळतो. बोळातून जनाजा बाहेर पडत होता. मागं मोजकीच माणसं होती. बाजारभर पोरं असलेली ती बाई परक्या गावात मेल्यासारखी चालली होती. रज्जाकनं टांगा थांबवला, लगाम टाकला आणि उतरून खांदा द्यायला गेला.

"कोण गेलं?" साहेबांनी विचारलं.

"असेल कुणी म्हातारी," राधाकृष्णशेठ म्हणाले आणि त्यांनी खाजाभाईकडे पाहिलं.

"असंल कुनी," खाजाभाई म्हणाला.

साहेबांनी टोपी काढली. "माणसं कमी दिसतायत हो," ते म्हणाले आणि खाली उतरून जनाज्याकडे चालू लागले.

परका माणूस खालाला खांदा द्यायला निघालेला पाहून खाजाभाई धडपडत उठला. तो टांग्यातून उतरला नाही, जवळजवळ पडला. धावत जाऊन त्यानं साहेबांना गाठलं.

"साहेब, ती माझी खाला हाय. मला तिनं वाढवलं. तुमच्या नजरंला मैयत पडू नये, म्हनून मीच बोळानं काढली."

खाजाभाईनं खांदा दिला आणि पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "चाचा, मागं फिरू. बाजारातनं नेऊ."

"जनाजा मागं फिरवत न्हाईत, बेटा," चाचा म्हणाला.

मग तो रडत चालत राहिला. त्याच्यामागं कधी तरी राधाकृष्णशेठही उतरून आले. त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. साहेबांची गाडी चुकली. माती देऊन झाल्यावर कब्रस्तानाच्या फाटकाशी ते खाजाभाईला म्हणाले, "आमच्याकडे लोक दुखणं लपवून विमा काढतात. तेवढं एक आम्ही माफ करत नाही." मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "तुम्ही निदान बोललात."

शाखा नगरला आली. कारखान्यांमुळे आली असं कुणी म्हणालं, राधाकृष्णशेठ आपल्या खटपटीमुळे आली म्हणाले. साहेबांनी कारण कधीच सांगितलं नाही. चार महिन्यांनी नियाजची बदली झाली. पहिल्या दिवशी खाजाभाई त्याच्यासाठी चहा घेऊन वर गेला. नियाज खिडकीपाशी नव्या खुर्चीत बसून खालचा बाजार बघत होता. दादीच्या मातीला त्याला पोचता आलं नव्हतं.

"अब्बा, दादीला इथनं नेलं तेव्हा सगळी दुकानं उठून उभी राहिली असतील ना?"

खाजाभाईनं चहा टेबलावर ठेवला. साहेबांना सांगणं त्या मानानं सोपं गेलं होतं.

"न्हाई. तिला मी मागच्या बोळानं नेलं."

नियाज वळला. "का?"

खाजाभाईनं काहीच लपवलं नाही. मुलगा बसला होता त्या खुर्चीकडे त्यानं बोट केलं.