हातोडा काकूच्या हातात

माझे काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढल्यापासून ते गळ्याला छोटं यंत्र टेकवून बोलतात. आवाज सपाट, घरघरता येतो. तरी कर्करोग संशोधनाच्या मदतीसाठी आमच्या वस्तीने लिलाव ठेवला, तेव्हा त्यांनी आपणहून नाव दिलं. लोक त्यांना हसतील, या धास्तीने मी पहिल्या रांगेत बसले होते.

अडचण वेगळीच निघाली. एका हातात यंत्र, दुसऱ्यात हातोडा. बोली लावणाऱ्याकडे बोट दाखवायला हातच उरेना. त्यांनी काकूला वर बोलावून हातोडा तिच्याकडे दिला.

“घरात शेवटचा शब्द हिचाच असतो,” ते यंत्रातून म्हणाले. “इथेही तिचाच.”

“आणि ऐकतं कोण?” काकू म्हणाली.

सभागृह हसलं, पण त्यांच्याबरोबर. मग काकांनी सुताराने दिलेली खुर्ची पुकारली आणि सगळे चिडीचूप झाले, कारण त्या आवाजाकडे कान द्यावा लागत होता. बाजारात एवढी शांतता त्यांना कधी मिळाली नव्हती. बोली चढतच गेली.

“तीन वार,” काका म्हणाले. काकूने हातोडा असा हाणला की टेबलावरचं पाणी सांडलं.

शेजारच्या बाईंनी विचारलं, “कोण हो ते?”

“माझे काका,” मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.