प्रवासाचं कारण: बाळंतपण

युद्ध चालू असलेल्या देशात जायचं असेल तर काय काय लागतं, हे मला आता तोंडपाठ आहे. पासपोर्ट, फोटो, तिथल्या माणसाचं निमंत्रण, नात्याचा पुरावा, युद्धाची जोखीम धरणारा विमा आणि अर्धा किलो डिंक. डिंक दूतावासाच्या यादीत नाही. तो आमच्या घरच्या यादीत आहे.

मी महांतप्पा, मुक्काम अणदूर. पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकुनी केली. लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढायच्या आणि अर्ज परत पाठवायचा, हे माझं काम. पहिल्या फेरीत माझ्या टेबलावरून अर्ज सुटला असं सहसा झालं नाही. लोक माझ्यामागं मला ‘त्रुटीअप्पा’ म्हणायचे. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आमची एकुलती एक मुलगी शिवप्रिया. डॉक्टरकी शिकायला युक्रेनला गेली, डॉक्टर झाली आणि तिथल्याच आंद्री नावाच्या डॉक्टरशी लग्न करून लविव नावाच्या शहरात राहिली. मग लढाई सुरू झाली. आंद्रीच्या वयाच्या पुरुषाला देश सोडता येत नाही, आणि त्याला सोडून ही येत नाही. मी फोनवर पुष्कळ ओरडलो. जावईबापूंना मराठी कळत नाही, त्यामुळं आमचे संबंध चांगले आहेत.

यंदा पोरीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढतोय, पडून राहा, प्रवास करायचा नाही. आता पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत. शांताक्का म्हणजे माझी बायको. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तिला माहेरी येता येत न्हाय. मग माहेरानं तिच्याकडं जायाचं."

शिवप्रिया फोनवर रडली. "आई, येऊ नको गं. इथं भोंगे वाजतात, तळघरात पळावं लागतं." शांताक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं अळीव मिळत्यात का?"

"नाही."

"मग यावंच लागंल की."

मीही जायला निघालो होतो. पण माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत, आणि विमा कंपनीनं मला युद्धाला नालायक ठरवलं. शांताक्का साठीची, शुगर नाही, बीपी नाही, गुडघे ठणठणीत. ती एका झटक्यात पास झाली.

बसस्टँडजवळ ज्ञानेश्वरीचं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पीकविम्यापासून पॅनकार्डापर्यंत सगळं ती भरते. युद्धाचा अर्ज तिच्याकडं पहिलाच. ‘प्रवासाचं कारण’ या रकान्यात पर्यटन, व्यापार, शिक्षण, क्रीडा असं सगळं होतं. बाळंतपण नव्हतं.

"काकू, पर्यटन टाकू का?" तिनं विचारलं.

"पर्यटनाला नळदुर्गचा किल्ला हाय की. त्येच्यासाठी इमान कशाला?"

मग ज्ञानेश्वरीनं ‘इतर’ निवडलं आणि पुढं इंग्रजीत लिहिलं, डिलिव्हरी. मी स्क्रीनकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. साठ वर्षांची बाई डिलिव्हरीसाठी रणांगणात चालली आहे, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. मी तिथल्या तिथं ‘मुलीच्या बाळंतपणात मदत’ असं करून घेतलं. त्रुटी ती त्रुटी.

प्रवाशांसाठी सूचनाही होत्या. जवळचं तळघर माहीत करून घ्या. संचारबंदी पाळा. मोबाइल चार्ज ठेवा. हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप घ्या. ते ॲप मी आधी माझ्या मोबाइलवर घेऊन बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात ते केवढ्यांदा कोकललं! सगळी माणसं उठून उभी राहिली. मी सांगितलं, लविववर विमानं आलीत. गोरोबा हॉटेलवाला म्हणाला, "इकडं यायाला येळ हाय नव्हं? मग बसा, चहा निवतोय." मीही बसलो. पण चहा तसाच निवून गेला.

त्याच दुपारी विम्याचे कागद आले. कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही माझी जुनी खोड. अकराव्या कलमात लिहिलं होतं की विमाधारकाचा मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पोचवण्याची व्यवस्था केली जाईल. कुणाच्या ताब्यात द्यायचं ते नाव लिहा. पुढं मोकळी जागा होती. चौतीस वर्षांत मी हजारो मोकळ्या जागा भरल्या असतील. ही मी तशीच सोडली. माझी मुलगी तिथं, नातवंड तिथं, आता बायकोही तिथं. आणि मी अणदुरात बसून पार्थिवाची पोच घ्यायची. मी घाबरलो. दुसरा शब्द नाही त्याला.

मग मी जे केलं ते सांगतो. नात्याचा पुरावा म्हणून शिवप्रियाचा जन्मदाखला जोडायचा होता. त्यावर जिल्हा उस्मानाबाद. शांताक्काचा पासपोर्ट नवा, त्यावर जिल्हा धाराशिव. मधल्या काळात सरकारनं जिल्ह्याचं नाव बदललं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिल्लीत बसलेल्या परदेशी साहेबाला कशाला असेल? ज्ञानेश्वरी म्हणालीसुद्धा, "काका, दोनी नावं एकच हायती असं ॲफिडेव्हिट जोडू."

"गरज नाही," मी म्हणालो. गरज होती. ती माझ्याइतकी या तालुक्यात कुणालाच कळत नव्हती. अर्ज परत येईल, उत्तर पाठवण्यात पंधरा-वीस दिवस जातील, तोवर पोरगी बाळंत होऊन जाईल, आणि जायचं कारणच उरणार नाही. दुसऱ्याच्या अर्जातली चूक काढण्यात माझी हयात गेली. स्वतःच्या अर्जात चूक ठेवली ती एकदाच. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

नवव्या दिवशी दूतावासाचं पत्र आलं. मायलेकींच्या कागदांवर दोन वेगळे जिल्हे दिसतात, खुलासा करावा. ज्ञानेश्वरीनं ते छापून नेमकं शांताक्काच्या हातात दिलं, आणि वर म्हणाली, "म्या काकांना तवाच सांगितलं हुतं."

शांताक्का घरी आली तेव्हा मी ओसरीवर पेपर वाचत होतो. तिनं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि डिंकाचं पातेलं घेऊन समोर बसली. सगळ्या डिंकाचे लाडू तिनं आदल्याच दिवशी वळून डब्यात भरले होते. पातेलं रिकामं होतं. ते ती उगीच पुसत बसली.

"तुमच्या हातनं अशी चूक?" ती म्हणाली.

मी पेपर खाली ठेवला नाही.

"माकणी आठवती का?"

आठवते की. त्र्याण्णव साली माझी बदली माकणीला होती. शांताक्काचे दिवस भरलेले. तिची आई आळंदहून यायची होती, आणि ती यायच्या आधी भूकंप आला. आमची खोली पडली, आम्ही वाचलो. रस्ते बंद केले होते. जिकडं तिकडं पोलिस आणि मिलिटरी. बाहेरच्या माणसाला गावात सोडत नव्हते. चौथ्या दिवशी सासूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आमच्या ताडपत्रीसमोर उभ्या राहिल्या. उमरग्यापासून चालत आल्या होत्या. त्यांना कानडीशिवाय एक शब्द येत नव्हता. नाक्यावर पोलिसानं विचारलं, कशाला आलात? त्या म्हणाल्या, "बाणंतन." पोलिस लातूरचा, त्याला कानडी कशी येणार? पण तेवढं कळलं. त्यानं दोर वर उचलला. दोन दिवसांनी त्याच ताडपत्रीखाली शिवप्रिया जन्मली.

"माझ्या अव्वाला कुणी कागद मागितला न्हाय," शांताक्का म्हणाली. "मला मागत्यात, तर त्यो माझा नवराच चुकीचा भरतोय."

"मला भीती वाटली," मी म्हणालो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हणालो.

"मलाबी लई वाटतीया. रोज वाटतीया." तिनं पातेलं बाजूला ठेवलं. "म्हणून काय अर्जात चुका करायच्या? तिला एकटीला कसं टाकायचं, सांगा."

मी पेपर खाली ठेवला आणि ते पत्र उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी तुळजापूरला गेलो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकिलाला करू दिला नाही, स्वतः केला. ‘उस्मानाबाद व धाराशिव ही एकाच जिल्ह्याची जुनी व नवी नावे असून, सदर मुलगी व सदर आई यांच्यात कोणतेही अंतर नाही.’ नोटरी म्हणाला, शेवटचं वाक्य कायद्यात बसत नाही. मी म्हणालो, राहू द्या. सोबत राजपत्राची प्रत जोडली, इंग्रजी भाषांतर जोडलं, पानांवर क्रमांक टाकले. अकराव्या कलमापुढची मोकळी जागाही भरली. महांतप्पा, नातं पती. चौतीस वर्षांत इतका पक्का अर्ज मी पाहिला नाही.

व्हिसा आला तेव्हा बाळंतपणाला सोळा दिवस राहिले होते. सोलापूर स्टेशनावर मी तिला गाडीत बसवलं. दिल्लीहून विमानानं पोलंड, तिथून पुढं रेल्वे. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशेपा, वेखंड, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी आणि विभूतीचा गोळा. पांढऱ्या गोळ्यावर विमानतळावर विचारतील म्हणून मी त्याचंही एक प्रमाणपत्र इंग्रजीत लिहून दिलं होतं.

"जेवत जावा येळंवर," ती खिडकीतून म्हणाली.

"तळघर कुठं आहे ते आधी विचार," मी म्हणालो.

तीन दिवसांनी फोन आला. सीमेवर एका बाईनं पासपोर्ट उलटसुलट केला, लाडू हुंगले, आणि काहीतरी विचारलं. शांताक्काला एक शब्द कळला नाही. "म्या म्हनलं, बाळंतपण. आन् दोनी हात असं झुलवून दावलं. तिनं शिक्का मारला. आन् माझी बॅग तिनंच उचलून गाडीत ठिवली."

ॲप मी काढून टाकलं नाही. रोज वाजायचं. वाजलं की जिथं असेन तिथं खाली बसायचो, आणि इशारा उठेपर्यंत बसूनच राहायचो. पहिले काही दिवस हॉटेलातली माणसं हसली. मग हसायची थांबली. मग गोरोबा विचारायला लागला, "अप्पा, गेली का विमानं?" तोवर माझा चहा तो ओतायचाच नाही.

मुलगी झाली. तळघरात झाली. दोघी सुखरूप. चौथ्या दिवशी शांताक्कानं जन्मदाखल्याचा फोटो पाठवला, आणि मागोमाग तिच्या आवाजातला निरोप आला, "तपासून घ्या. तुमच्याबिगर माझा कुणावर भरवसा न्हाय."

मी चष्मा पुसला. डोळेही पुसले. दाखला त्यांच्या लिपीत होता, मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी वरपासून खालपर्यंत तीनदा तपासला आणि उत्तर पाठवलं.

त्रुटी नाही.