विहिरीचं माहेर

पाम गावच्या प्रताप सावेंच्या घरी कुणीही आलं, की चहाच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा.

"प्या," प्रतापकाका म्हणायचे. "मासवणचं पाणी हाय."

पाहुणा नवा असला तर गोंधळायचा. मासवण कुठे, पाम कुठे! ते गाव पार आत, मनोरच्या बाजूला, सूर्या नदीच्या काठी. मग काकांना रंग चढायचा. त्यांच्या आज्यानं वाडीत विहीर खणली, तेव्हा पाणाड्यानं म्हणे जमिनीला कान लावून सांगितलं होतं, की सूर्या नदीची एक शीर मासवणपासून जमिनीखालून निघते आणि दुसऱ्या कुणाच्याही दारात न थांबता थेट सावेंच्या वाडीत येते. मे महिन्यात गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागायचे, तेव्हाही काकांच्या विहिरीत पोहऱ्याचा दोर ओला निघायचा. याहून मोठा पुरावा काय हवा?

वाडीच्या बांधापलीकडे गावाचं तळं होतं आणि त्या तळ्यात जयवंतीकाकीच्या तीन म्हशी होत्या. जयवंती म्हणजे काकांच्या चुलतभावाची बायको. दुपार झाली की म्हशी तळ्यात उतरायच्या आणि फक्त नाकपुड्या वर ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहायच्या. काकांना तो वास सोसायचा नाही. डास तळ्यातूनच येतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यात त्यांच्या मुलाला, शैलेशला, बोईसरसारखं क्रिकेटचं टर्फ गावात हवं होतं. मग काकांनीच पंचायतीत अर्ज दिला, की तळ्यात भराव टाकावा आणि तिथे मैदान करावं.

त्या दिवसापासून जयवंतीकाकी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे थेट बोलेनाशी झाली. बांधाजवळून जाताना ती म्हशीला म्हणायची, "चल गो बाय, जरा लांबून चल. काई लोकांना तुजा वास येते."

काका नारळीच्या बुंध्याला म्हणायचे, "लोकांना खरं बोललेलं झोंबतं."

अशा दिवसांत स्नेहल आली. ती बोईसरची, मुंबईत भूजलावर पीएच.डी. करणारी. स्कूटरवर पुढे बाटल्यांची पेटी, पाठीवर सॅक. जमिनीखालचं पाणी किती जुनं आहे आणि ते कुठून मुरलं, हे शोधायचं तिचं काम होतं.

"पाण्याचं वय?" काका म्हणाले. "त्याला कुठला जन्माचा दाखला?"

"असतो की, काका. पाण्यातच असतो. प्रत्येक पाण्यात थोडे हलके कण असतात, थोडे जड. त्यांना आयसोटोप म्हणतात. त्यांचं प्रमाण बघून पाणी कुठलं ते कळतं. आणि ट्रिटियम नावाचा एक आयसोटोप पावसाबरोबर येतो, वर्षागणिक कमी होत जातो. तो किती उरलाय त्यावरून वय."

"मंग मोज," काका खूश होऊन म्हणाले. "मासवणचं पाणी हाय, लिहून घे."

तारापूरचं अणुवीज केंद्र शेजारी असल्यामुळे आयसोटोप हा शब्द गावात फार वेगानं पसरला. दुपारपर्यंत बातमी झाली, की परतापच्या विहिरीत अणू सापडला. दोन दिवस कुणी तांब्याला हात लावला नाही. देवळातल्या जोशीबुवांनी तर घोट घेतला होता तो अंगणात जाऊन थुंकला. स्नेहलनं घरोघर जाऊन सांगितलं, की हे आपल्या पावसात असतं, नारळाच्या पाण्यात असतं, तुमच्या-माझ्या घामातही असतं, आणि त्यानं कुणाला काही होत नाही. तेव्हा कुठे लोक पाणी प्यायला लागले.

मग ती दर महिन्याला येऊ लागली. बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची आणि पाण्याखालीच झाकण लावायची. आत हवेचा एक बुडबुडाही चालत नसे. विहिरीचं पाणी घेतलं की ती बांध ओलांडून तळ्याचं घ्यायची, तेव्हा काका हसायचे. "म्हशीच्या आंगोळीचं पाणी मुंबईला नेते! तितं ते काय वास घेऊन बगतात?"

जयवंतीकाकीच्या बोअरचंही पाणी ती घेई. त्या बोअरवर काकीचा राग होता. पाणी जरा मचूळ, त्यात डाळ शिजत नसे. पावसाळ्यात स्नेहलनं काकीच्या गोठ्याच्या पत्र्यावर पावसाचं पाणी गोळा करायला एक कॅन बसवला. पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याच्या नरसाळ्यात एक प्लास्टिकचा चेंडू ठेवला होता. तो कावळ्यानं तीनदा पळवला. काकीनं तीनदा नवा आणला आणि शेवटी कावळ्यासाठी वेगळा एक चेंडू पत्र्यावर ठेवला. तेव्हापासून दोघांचंही काम सुरळीत चाललं.

दिवाळी झाल्यावर स्नेहल आली तेव्हा जरा अवघडलेली होती.

"काका, तुमचं पाणी मला मासवणच्या डोंगराकडचं वाटत नाहीये. नक्की नाही अजून. या महिन्याचा नमुना तपासला की ग्रामसभेत सगळ्यांना सांगते."

काकांनी बोटांवर ग्रामसभेचे दिवस मोजले. ग्रामसभेत तळ्याचा अर्जही होता. सगळ्या गावासमोर ही पोरगी म्हणणार, मासवण खोटं. आजा खोटा.

"तू कशाला उन्हात येतेस?" ते एकदम मायेनं म्हणाले. "बाटल्या देऊन ठेव. मी भरतो. बुडबुडा न येता भरतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शैलेशची मोटरसायकल काढली आणि बाटल्या घेऊन मासवण गाठलं. आपण लबाडी करतोय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. पाणी तर तेच. वाटेत मुरता मुरता त्याची ओळख पुसट झाली असेल, म्हणून ते उगमाजवळून न्यायचं, एवढंच.

नदीवर लाडकी नावाची एक बाई कपडे धूत होती. पँट गुडघ्यापर्यंत वर करून, बाटली पाण्यात धरून, तोंड वेडंवाकडं करत झाकण लावणाऱ्या ह्या माणसाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"काय करता, दादा?"

"पाणी नेतो. पामला."

"तुमच्याकडं पाणी नाय?"

"हाय ना. हेच हाय."

लाडकीनं त्यांच्याकडे कळवळ्यानं पाहिलं. "ऊन लागला काय? त्या झाडाखाली बसा जरा."

काका बसले नाहीत. घरी येऊन त्यांनी बाटल्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : प्रताप सावे, विहीर, मुक्काम पाम.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी स्नेहल आली. ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि बाटली समोर ठेवून म्हणाली, "काका, तुमची विहीर या महिन्यात नदी झाली."

"म्हंजे?"

"म्हणजे हे पाणी तुमच्या विहिरीचं नाही. विहिरीत मीठ याच्या दुपटीहून जास्त असतं. दर महिन्याला तेवढंच. ते एका महिन्यात जाईल कुठे? आणि हे पाणी हलकं आहे. डोंगरावर पडलेल्या पावसाचं."

काकांनी बाटलीवरचं आपलंच सुवाच्य अक्षर वाचलं. मग म्हणाले, "मासवणचं हाय."

"मासवणचं?"

"पण पोरी, पाणी तर तेच ना?"

स्नेहल हसायला लागली. हसू आवरेना म्हणून तिनं ओढणी तोंडावर धरली. "काका, मला मासवणचा नमुना घ्यायचाच होता, तो तुम्ही आणून दिलात! दोन्ही पाणी एकच असतं, तर मला काही कळलंच नसतं. ते वेगळं निघालं, म्हणून तर पकडलं."

काकांना हे समजायला जरा वेळ लागला. आज्याला वाचवायला ते एवढ्या लांब गेले आणि आपल्याच हातानं पुरावा भरून आणला, बुडबुडासुद्धा येऊ न देता.

"मंग माजं पाणी कुटलं?" त्यांनी हळूच विचारलं.

स्नेहलनं बांधापलीकडे बोट दाखवलं. तिकडे तीन नाकपुड्यांच्या जोड्या पाण्यावर तरंगत होत्या.

"उन्हात तळ्याचं पाणी उडतं, काका. उडताना हलके कण आधी जातात, जड मागे राहतात. लग्नात नाही का, चटपटीत पाहुणे जेवून लगेच निघतात आणि मागे बसून राहतात ते..."

"भाऊसाहेब मामा," काका यांत्रिकपणे म्हणाले.

"तसंच. म्हणून तळ्याच्या पाण्याला जडपणाची एक खूण असते. पावसाला नसते, नदीच्या या पाण्यालाही नाही. तुमच्या विहिरीत ती इतकी सापडते, की निम्म्याहून जास्त पाणी तळ्याचंच. पाणी तरुण आहे, फार तर पाच-सात वर्षांचं. तळं मुरतं, म्हणून तुमची विहीर मे महिन्यात भरलेली असते. मातीतून गाळून येतं, पिण्यात वाईट काही नाही. पावसाळ्यात तेवढं उकळून घ्या."

"आणि तळं बुजवलं तर?"

"तर मे महिन्यात तुम्हालाही तळ दिसेल."

ती गेल्यावर काका विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. लहानपणी आज्यानं याच कठड्यावर बसवून ती शिरेची गोष्ट सांगितली होती. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग वाटलं, पाणाड्यानं जागा तर अचूक सांगितली, फक्त पत्ता चुकला. एवढी चूक माणसाकडून होते. आणि इतकी वर्षं ज्यांना ज्यांना आग्रह करकरून पाणी पाजलं ते सगळे, व्याही, तहसीलदार, जोशीबुवा, डोळ्यांपुढून गेले, तेव्हा एकट्याच उभ्या असलेल्या काकांना हसू फुटलं.

ग्रामसभेत स्नेहलनं सगळं सांगितलं, फक्त मासवणच्या बाटल्यांची गोष्ट गाळून. मग मागच्या रांगेतून जयवंतीकाकीचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी ती थेट बोलली.

"म्हंजे भावजी, आमच्या म्हशी नाय तर तुमी नाय!"

सभा खदखदून हसली. जोशीबुवा मात्र हसले नाहीत. ते बहुधा याच विहिरीच्या पाण्यानं केलेले श्रावणातले अभिषेक आठवत होते.

काका उठले. "वयनी बरोबर बोलते. तळ्याचा अर्ज मी दिलेला, मीच परत घेतो. उलट मी म्हणतो, तळ्यातला गाळ काडा. पाणी जास्त मुरल."

"आणि टर्फ?" शैलेशनं विचारलं.

"नारळ सुकवायचं आपलं खळं हाय ना. तितं कर. चेंडू विहिरीत गेला तर तूच उतर."

"आणि माज्या बोअरचं काय निघालं गो?" काकीनं विचारलं.

"काकी, ते पाणी काही हजार वर्षांचं आहे. खडकात खोल अडकलेलं. उपसलं तर पुन्हा लवकर भरणारं नाही, तेव्हा जपून वापरा."

"हजारो वर्सांचं?" काकीनं कपाळाला हात लावला. "मंग डाळ कशी शिजल? एवड्या म्हाताऱ्यात धमक कुटली ऱ्हायली!"

स्नेहलनं सांगायचा प्रयत्न केला, की डाळ वयामुळे नाही, क्षारांमुळे शिजत नाही. कुणी ऐकलं नाही. प्रतापकाका तर चक्क हेव्यानं काकीकडे बघत होते. गावातलं सगळ्यात जुनं पाणी सावेंच्या घरात निघालं होतं, पण चुलत घरात.

उन्हाळ्यात बोईसरहून जेसीबी आला आणि तळ्यातून काळाभोर गाळ निघाला. तो बघून काका हरखले. असा गाळ वाडीतल्या चिकूच्या मुळाशी पडला तर काय विचारता! ते टोपली घेऊन पुढे झाले, तर जयवंतीकाकी ढिगाऱ्यावर आधीच कंबरेवर हात ठेवून उभी.

"गाळ माजा, भावजी. माज्या म्हशींचं शेण हाय त्यात."

"पाणी माज्या विहिरीचं, तर गाळ पण माजाच."

जेसीबीवाला वर बसून म्हणाला, "अरे भाई, जल्दी बोलो, किधर डालूँ?"

"इकडं!" दोघं एकाच वेळी ओरडली, दोन वेगळ्या दिशांना हात करून.

त्यानं मान हलवली आणि गाळ बरोबर बांधावर ओतला. त्या वर्षी बांधावर आपोआप वांगी उगवली, आणि ती कुणाची यावर दोघांचं रोज बोलणं सुरू झालं.