तंबाखूच्या मांडवात वाचलेलं प्रेम

ऐका ना मित्रांनो, मध्ये बोलू नका, नुसतं ऐका! मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी म्हणजे काय, तीनच उन्हाळे पाहिलेत, पण तंबाखूच्या चिकाने पानं काळी पडलीत म्हणून म्हातारी दिसते. आणि खरं सांगू? मी वाईट कादंबरी आहे. खुनी कोण ते मुखपृष्ठावरच कळतं, कारण मिशा त्या एकट्यालाच आहेत. नवव्या पानावर नायिकेला होडीत एक अनोळखी माणूस भेटतो आणि दहाव्यावर तो म्हणतो, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही. तिचं आडनावसुद्धा विचारत नाही हो!

प्रिलेप शहराच्या बसस्टँडवरून मला रोसांदाने घेतलं. त्यांच्या गावात पहाटे तंबाखूची पानं तोडायची आणि मग दिवसभर मांडवात बसून ती लांब सुईने ओवायची, माळा करून वाळत टांगायच्या. बायकांचे हात कामात, कान रिकामे. म्हणून रोसांदा मला मोठ्याने वाचायची आणि तिची मावशी दोस्ता नि शेजारणी ओवता ओवता माझी टर उडवायच्या. रोसांदाचा मात्र माझ्यावर विश्वास बसला होता. कारण गावच्या जत्रेत ती त्रायनबरोबर दोनदा नाचली होती. तो स्वीडनला कामाला. शनिवारच्या बसने माझ्याबरोबर चल म्हणाला, आणि ही हो म्हणून बसली होती!

शुक्रवारी चाळिसाव्या पानावर मावशीची सुई थांबली.

"का गं, चाळीस पानं झाली. हिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, एकदा तरी विचारलं का ह्या बाबाने?"

"त्याला वेळ कुठाय? सारखा शर्ट काढायचा असतो," शेजारीण म्हणाली.

सगळ्या हसल्या. त्रायनचं नाव कुणी काढलं नाही. पण रोसांदा हसलीच नाही. ती माझी पानं मागे उलटत गेली, पार पहिल्यापर्यंत, तसा एक तरी प्रश्न शोधत. काही असेल तर सापडणार ना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी त्रायन पांढराशुभ्र शर्ट घालून मांडवात आला. "चल, बस वळणावर आलीये."

रोसांदाने त्याच्या हातात सुई दिली. "बस जाऊ दे. आधी माझ्याबरोबर एक माळ ओव."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. बसचा हॉर्न वाजला. मी तिच्या मांडीवर होते, तिचा अंगठा माझ्यात रुतला होता. आणि तो बसला, मित्रांनो! खाली, धुळीत! बस गेली. शर्ट काळा झाला, बोटाला सुई टोचली. अर्धी माळ झाल्यावर त्याने विचारलं, "हा चीक निघतो कशाने?"

"कच्च्या टोमॅटोने."

मग पुढचं पान ओवत त्याने विचारलं, "तुला आवडतं का गं हे काम?"

मावशीने मान खाली घातली, पण ती हसत होती. मी पाहिलं ना!

पुढच्या आठवड्यात तो एकटाच गेला. पण रोज फोन यायचा आणि प्रत्येक फोनमध्ये निदान एक तरी प्रश्न असायचा. पुढच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा परसातले दोन कच्चे टोमॅटो खिशात घालूनच मांडवात शिरला. मला बघून म्हणाला, "मावशी, ह्यात पुढे काय झालं?"

"भेटल्यापासून चौथ्या दिवशी दोघांचं लग्न," मावशी म्हणाली. "तू ओव."

रोसांदा अजून मला उशाशी ठेवते. म्हणून म्हणते, माझ्यासारखं फसलेलं पुस्तकही फेकू नका रे, त्यात काय नाही तेही कधीकधी कामाला येतं. पण एक सांगा, हॉर्न वाजत होता, सुई हातात होती, तुम्ही असता तर काय केलं असतं?