सुरानची तायके सिलिंडर पारखतात

"मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय," सुरानची तायके म्हणाले. "घोडा असो, मेंढा असो, नाहीतर ते तुझं पाण्यात बुडायचं सामान असो. एक नजर टाकली की पुरे."

हे बोलताना ते गाडी ढकलत होते. गाडी त्यांनी मागच्या वर्षी अशीच एक नजर टाकून घेतली होती.

स्टिअरिंगवर त्यांची भाची बसली होती, जिबेक. आईच्या भावाला, म्हणजे तायकेला, उलट बोलायचं नसतं, म्हणून ती गप्प होती. सोमवारी इसिक-कुल सरोवराच्या काठच्या सॅनेटोरियममध्ये तिची परीक्षा होती. त्यांना एक पाणबुड्या हवा होता. कुणी पोहताना बुडालं तर खाली जाऊन वर काढायला. पगार बरा, वर दोन वेळचं जेवण. जिबेककडे दाखला होता, छातीत दम होता. सामान तेवढं नव्हतं, आणि अट अशी की ज्यानं त्यानं आपापलं आणायचं. नवं घेण्याची ऐपत नाही. बालिकचीला केनेश नावाच्या माणसाकडे जुना संच विकायला आहे असं कळलं, तेव्हा ती एकटीच जाणार होती. पण आई म्हणाली, "पोरगी एकटी सौद्याला गेली तर लोक विचारतील, घरातली मोठी माणसं काय मेली का?"

म्हणून तायके. जनावरांच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. निदान ते तसं सांगायचे.

केनेशनं अंगणात लोकरीच्या नमद्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. सिलिंडर, नळ्या, हवेचं जॅकेट, रबरी सूट. शेजारी एक मेंढी बांधलेली होती, ती जॅकेटचा पट्टा चघळत होती.

"लाखात एक संच आहे," केनेश म्हणाला. "वापर जवळजवळ नाहीच."

"मग सिलिंडरचा रंग का उडालाय, केनेश दादा?"

"अगं, पाण्यात कुठे नेलाय? ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरायचो फक्त."

जिबेकनं सूट उचलला. त्यातून आंबूस धुरकट वास आला.

"हा काय वास?"

"कुमिसचा. घोडीचं दूध आंबायला ठेवतो ना, त्या पिंपाला गुंडाळायचो. गरम राहतं मस्त. पाण्यात तुला काय वास येणारे?"

जिबेक गुडघ्यावर बसली. सिलिंडरच्या खांद्यावर दाबाच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती आधी बघायची, असं तिला शिकवलं होतं. पण तिथं चिखलाचा थर होता. ती नखानं खरवडायला लागली, तेवढ्यात तायके पुढे आले आणि त्यांनी तोंडात धरायचं रबर उलटून पालटून पाहिलं.

"दातांचे ठसे बघ," ते गंभीरपणे म्हणाले. "खोल आहेत. म्हणजे आधीचा मालक घाबरट होता. घाबरट माणूस खाली जातच नाही. सामान कोरं आहे."

"तायके, हे घोड्याचं तोंड नाहीये."

"तोंड ते तोंडच."

मग त्यांनी सिलिंडरवर टकटक केलं, कान लावला आणि मान डोलावली. "जातिवंत आहे."

"आतून गंज वाजतोय तो!"

"जनावर अंगानं भरलं की आवाज करतंच."

जिबेक काही बोलणार तोच घरातून हाक आली. चहा झालाय. ती म्हणाली, "पाच मिनिटं, वहिनी, एवढं बघते." केनेशची बायको दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तिच्या मागे नव्वदीचे बेकबोसून आके, केनेशचे वडील, काठी टेकत उभे. पाहुण्यानं नान मोडल्याशिवाय सौद्याची भाषा करणं म्हणजे घराण्याचा अपमान. जिबेक उठली.

तरी जाताना तिनं दोन कामं उरकली. नळीच्या टोकाला टोपण घातलं, सिलिंडरची झडप बंद ठेवली आणि रबर तोंडात धरून जोरात ओढलं. नळी धड असेल तर हवा आत यायला नको. हवा आली. शीळ घालत आली. मग तिनं जॅकेट फुंकून गच्च फुगवलं आणि म्हणाली, "हे अर्ध्या तासानं असंच दिसलं पाहिजे. कुणी हात लावू नका."

हात कुणी लावला नाही. तायकेंनी ते घरात नेऊन मानाच्या जागी ठेवलं आणि त्याला टेकून बसले.

"तायके, ती उशी नाहीये!"

"अगं, पाठीला छान वाटतंय. हाच त्याचा गुण."

चहा झाला. नान झालं, जर्दाळूचा मुरंबा झाला, कणकेचे तळलेले बोरसोक झाले. दरवेळी जिबेक गुडघ्यावर हात टेकून उठू लागे आणि केनेशची बायको तिचा वाडगा पुन्हा भरी. वाडगा पुरता भरत नव्हती, अर्धाच. म्हणजे अजून बस, आदर आहे तुझा. जिबेकला त्या आदराचा इतका कंटाळा आला की एकदा ती वाडगा तसाच हातात घेऊन अंगणात पळाली. चिखल पुसला. तारीख सापडली. १९९१. त्या वर्षी ती जन्मलीसुद्धा नव्हती.

आत आली तेव्हा तायके बरेच खाली सरकले होते. जॅकेट पोळीसारखं चपटं झालं होतं.

"बघा! गळतंय!"

"माझ्या वजनानं झालं," तायके म्हणाले. "बोरसोक जरा जास्त झाले."

"केनेश दादा, माफ करा, पण मला हे नको. चाचणी चौतीस वर्षांपूर्वीची, नळी फुटकी, जॅकेट गळकं. हे घेऊन खाली गेले तर मी वर येणार नाही."

तायके तिच्या कानाशी लागले. "हळू बोल. मी करतो बरोबर. आधी नाक मुरडायचं असतं, ते तू केलंस. छान केलंस. आता मी भाव पाडतो."

"भाव पाडू नका! मला घ्यायचंच नाही!"

"वा! अगदी खरं वाटतंय."

तेवढ्यात बेकबोसून आकेंनी दोन्ही तळवे उघडून समोर धरले. म्हाताऱ्यानं तळवे उघडले की सगळ्यांनी उघडायचे. जेवणानंतरची दुवा. जिबेकनंही उघडले, चालायला लागल्यापासून उघडत आली होती.

"दस्तरखान अन्नानं भरलेलं राहो," आके म्हणाले. "गुरं वाढोत. घरात पोरंबाळं खेळोत. आलेल्या पाहुण्यांची वाट पांढरी, शुभ राहो. आणि हे सामान, जे माझ्या केनेशनं आज या पोरीला दिलं, ते तिला लाभो. ओमीन."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

जिबेकचे हात हनुवटीपर्यंत आले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"थांबा. मी ते... मी जेवणासाठी म्हटलं!"

"दुवेत जेवण वेगळं आणि सामान वेगळं असं असतं का?" केनेशनं दुखावल्या आवाजात विचारलं. "आमच्या बापानं नव्वदाव्या वर्षी दिलेली दुवा तू परत करणार?"

"मी दुवा ठेवते, सामान परत घ्या!"

केनेशची बायको तोंडावर ओढणी धरून म्हणाली, "काय बाई हल्लीच्या मुली." बेकबोसून आके तोवर झोपी गेले होते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय राहिली नव्हती. तायकेंनी खिशात हात घातला आणि केनेशला पैसे दिले, त्यानं मागितलेल्या पुऱ्या किमतीनं. म्हणाले, दुवा झाल्यावर घासाघीस करणं शोभत नाही.

परतीच्या वाटेवर तायके बोलत होते. केनेशला आपण कसं कात्रीत पकडलं, ते.

सोमवारी ते सॅनेटोरियमच्या धक्क्यावर तिच्याबरोबर आले. मोठं माणूस सोबत हवं म्हणून, टोपी घालून. तपासनीस जाडसर होता, त्याला भूक लागली होती. त्यानं तारीख पाहिलीच नाही.

"सामान आहे ना? मग जा खाली. तळातला दगड आण की झालं."

नोकरी समोर होती. जिबेकनं पाण्याकडे पाहिलं, सिलिंडरकडे पाहिलं.

"साहेब, मी याच्यावर जाणार नाही. याची आधी चाचणी करा. नाहीतर मला तुमच्याकडचं द्या, त्याच्यावर दोन दगड आणते."

तपासनीस विचारात पडला. "सामानावर विश्वास नाही म्हणतेस? हे बरं लक्षण आहे. दाखव बघू."

"विश्वास नाही?" तायके पुढे सरसावले. त्यांच्या पारखीचा प्रश्न होता. "साहेब, हे जातिवंत आहे. आवाज ऐका!" आणि त्यांनी सिलिंडरच्या पाठीवर घोड्याच्या पाठीवर मारतात तशी सणसणीत थाप मारली.

सिलिंडर आडवं झालं, धक्क्यावरून गडगडत गेलं आणि अकरा मीटर पाण्यात पडलं. जॅकेट आणि नळ्या त्यालाच बांधलेल्या होत्या.

तपासनीसानं वही उघडून लिहिलं: उमेदवार हजर. सामान पाण्याखाली.