एकोणचाळीसवर थांबलेली काडी

हैदराबादेत हवामानाचं काम शिकायला गेलेल्या काशीनाथला पहिल्याच आठवड्यात पूर्णेच्या बन्सीधरची गोष्ट ऐकायला मिळाली. गोष्ट ताजी होती, महिन्याभरापूर्वीची. पूर्णेच्या हवामान ठाण्यावरच्या या बन्सीधरनं ऐन पौषात एका पहाटेचं किमान तापमान एकोणचाळीस अंश फॅरनहाइट लिहिलं आणि तारेनं कळवलं. त्या पहाटे आसपासचं एकही ठाणं सत्तेचाळीसच्या खाली उतरलं नव्हतं. पुन्हा तपासा, म्हणून उलट तार गेली. गड्यानं पुढचे अकरा दिवस त्या रकान्यात नुसत्या रेघा ओढल्या आणि बाराव्या दिवशी न्यूमोनियानं तो मरून मोकळा झाला. तापात अंथरुणावर पडूनच त्यानं आकडा ठोकून दिला असणार, असं ऑफिसनं ठरवलं आणि त्याच्या नावापुढे तांबड्या शाईत ‘बनावट’ असा शेरा पडला. पूर्णेला गाडी सरळ जात होती, पण जाऊन बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळीचा पाय मोडलेला दिसत नाही.

शिकवणारे साहेब ही गोष्ट रंगवून सांगत आणि सगळी तुकडी हसे. काशीनाथ जरा जास्तच हसे, कारण तो परभणीचा होता आणि आपल्या जिल्ह्याच्या माणसानं शेण खाल्लं याची त्याला लाज वाटे.

तीन महिन्यांत तो तयार झाला. किमान तापमानाची नळी आडवी असते. तिच्यात दारू असते आणि दारूत एक इवलीशी काळी काडी. थंडी वाढली की आटणारी दारू काडीला मागे ओढते. ऊन चढलं की दारू पुढे पळते, काडी मात्र जिथल्या तिथे राहते, आणि रात्र किती खाली उतरली ते सांगते. सकाळी आठला ते वाचायचं, लिहायचं आणि मग नळी कलती करून काडी परत दारूच्या टोकाशी आणायची. हे काशीनाथच्या हातात इतकं मुरलं की झोपेतही त्याचं मनगट कलत असावं.

वैशाखात त्याची नेमणूक झाली ती नेमकी पूर्णेला. स्टेशनापासून मैलभर, नदीकाठच्या खोलगट जागी एक खोली, आणि समोर कुंपणात चार पायांवर उभी, तापमापकं ठेवायची झडपांची पांढरी पेटी. पेटीची किल्ली बन्सीधरच्या बायकोच्या, मनकर्णाच्या पदराला बांधलेली होती. स्टेशनमास्तरांनी मागितली, तहसिलीचा चपराशी दोनदा येऊन गेला, तरी तिनं दिली नव्हती. काशीनाथलाही तिनं आधी विचारलं, पेटीतलं वाचता येतं का. सरकारी शिक्षण घेतलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबला. त्यानं जरा तोऱ्यातच हो म्हटलं आणि किल्ली घेतली.

पेटी उघडली. झडपांवर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. किमान नळीतली काडी एकोणचाळीसवर होती. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि आत एकोणचाळीस. काशीनाथला हसू आलं. ठाणं बंद होतं, कोणी हात लावला नाही, बिघडली असेल नळी. नव्यानं सुरू करायचं म्हणजे सगळं जागेवर आणायला हवं. मनगट कलतं झालं आणि काडी सरसर घसरत दारूच्या टोकाशी जाऊन बसली.

“पाह्यलं का?” मनकर्णा कुंपणापाशी उभी होती.

काय, असं त्यानं विचारलं.

“त्यांनी राखून ठिवलेलं. लय ताप व्हता, तरी रोज सकाळी यायचे. पेटी उघडायचे, बघायचे, पन त्या नळीला हात लावायचे न्हाईत. म्हनायचे, ह्यो आकडा कुनी तरी डोळ्यानं बघूस्तोर हलवायचा न्हाई. वाचता येनारा मानूस आला की त्यालाच किल्ली दी.”

काशीनाथ तसाच वळला. खोलीत जाऊन त्यानं वही उघडली. अकरा दिवसांचा वारा, दमटपणा, कमाल तापमान, सगळं दशांशापर्यंत नेटकं, शेवटी शेवटी अक्षर थरथरतं. फक्त किमानच्या रकान्यात रेघा. काडी परत आणली असती तर पुरावा गेला असता, म्हणून त्या माणसानं रोजचा नियम मोडला होता आणि रोज रेघ ओढून तसं कबूलही केलं होतं. अकरा दिवस तो एका साक्षीदाराची वाट बघत होता. साक्षीदार चौथ्या महिन्यात आला, आणि एका श्वासात सगळं पुसून बसला.

बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, “पाहिलं, बाई.” मनकर्णानं हात जोडले आणि ती घरी गेली. तिच्या लेखी नवऱ्याचं नाव धुऊन निघालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खोकला सुरू झाला. काशीनाथ पेटीत वाकला की पाठीमागे कोणीतरी खोकायचं, आजारी माणूस तोंडावर उपरणं धरून खोकतो तसं, दबलेलं. वळून बघावं तर मोकळं रान. काडी शहात्तरावर असायची आणि त्याला आधी एकोणचाळीस दिसायचे. तो डोळे चोळून पुन्हा वाची, वहीत लिही आणि मगच नळी कलती करी. त्याला भीती वाटायची, सरळ सांगायचं तर फार वाटायची. पण नोकरी कच्ची होती, खरं कळवलं तर जाणारी. वर्षाच्या आत मुआयना, म्हणजे तपासणी, होऊन ती पक्की व्हायची होती. मनकर्णा अधूनमधून येऊन विचारी, हैदराबादेहून काही आलं का. तो येईल म्हणे.

पौष आला तेव्हा त्याला वाटलं, तसलीच एखादी पहाट पुन्हा उगवेल आणि आपली सुटका होईल. कुडकुडत त्यानं महिना काढला. काडी त्रेचाळीसच्या खाली गेली नाही. थंडी काही साक्षीला येत नाही.

माघात अफसर मुआयन्याला आले. त्या सकाळी आठचे आकडे लिहून झाल्यावर काशीनाथनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की गेल्या वैशाखात पेटी प्रथम उघडली तेव्हा किमानची काडी एकोणचाळीसवर होती, ती मी वाचली, न लिहिता माझ्या हातानं हलवली, कसूर माझी.

अफसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, साक्षीला कोण होतं. कोणी नाही. मग इतके महिने गप्प का? बैल गेला अन् झोपा केला, असंच ते होतं. ही ओळ खोडा, मी आत्ता पक्केपणाची सही करतो, असं अफसर म्हणाले.

“हुजूर, मी ते वाचलंय,” काशीनाथ म्हणाला. “तेवढं खोडता येत नाही.”

अफसरांनी सुस्कारा सोडून तांबड्या शाईची दौत मागितली.

महिन्याभरात दुसरा माणूस नेमून आला, ताज्या शिक्षणाचा, तरतरीत. आता हैदराबादेत पूर्णेच्या दोघांची गोष्ट सांगतात, हे त्यानंच हसत हसत ऐकवलं. जाण्याआधी काशीनाथनं मनकर्णाला सगळं सांगून टाकलं, अगदी मनगट कसं कललं तेसुद्धा.

“म्हंजी बघनारे तुमी एकलेच,” ती म्हणाली. “आन् तुमचंबी कुनी खरं मानलं न्हाई.”

आठ वाजले. नव्या माणसानं किल्ली घेतली, पेटी उघडली आणि तो आत वाकला. काशीनाथ कुंपणापाशी त्याच्या पाठीमागे उभा होता. वही खोलीतच राहिली होती. आकडा न लिहिताच नव्या माणसाचं मनगट कलायला लागलं. काशीनाथ तोंडावर उपरणं धरून खोकला.

नवा माणूस दचकला. त्यानं नळीवरचा हात मागे घेतला आणि आधी वही आणायला गेला.